राखीव सतरंजी

‘हात लागला होता’ हे तीन शब्द मी वयाच्या विसाव्या वर्षी उच्चारायला हवे होते. मी ते उच्चारले नाहीत. त्याऐवजी ‘डोकं लागलं’ असे म्हणालो, आणि त्या खोट्याची शिक्षा दुसऱ्याच माणसाने भोगली. पुढे त्याच माणसाने माझी मोडलेली पाठ सरळ केली. आज मी वर्गात तासभर उभा राहून इतिहास शिकवू शकतो तो त्याच्यामुळे. म्हणून त्याच्याविषयी लिहिताना आधी स्वतःविषयी लिहिणे भाग पडले.

सारे त्यांना पंच म्हणत. राजारामपुरीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, स्कूटरी लावतात त्या जागेत, ते रोज सकाळी पाचसहा जणांचा योगवर्ग घेत. मी अनेक योगशिक्षक पाहिले. कोणी ओंकार लावतात, कोणी बासरी. पंच शिट्टी वाजवत. गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, पायांत पांढरे मोजे आणि सदऱ्याच्या खिशात दोन कार्डे. पिवळे कार्ड एका लग्नपत्रिकेतून कापलेले होते, आणि तांबडे उदबत्तीच्या खोक्यातून. त्यामुळे ज्याला तांबडे मिळे त्याला मोगऱ्याचा वासही मिळे.

श्वास रोखून धरणाऱ्याला ‘वेळकाढूपणा’ म्हणून ताकीद मिळायची. सरनाईक वकील शवासनात घोरू लागले की पंच त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणत, “वकीलसाहेब, ऑफसाईड.” शेजारणीचे पाय आपल्या पायांपेक्षा किती वर गेले हे चोरून पाहणाऱ्याला पिवळे कार्ड ठरलेले. सर्वांत मोठा गुन्हा मात्र वेगळा होता. हौसेने कोणी अंगाला झेपणार नाही इतके वाकले की कर्कश शिट्टी वाजायची आणि पंच बोट रोखून म्हणायचे, “फाऊल! दुसऱ्याला पाडलं तर एक येळ चालंल, सोताच्याच अंगावर फाऊल करायचा न्हाय.”

योगावरचे पुष्कळ ग्रंथ मी नंतर वाचले. याहून मोठे सूत्र मला त्यांत सापडले नाही.

त्यांची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक आसनात ते एकेकाजवळ येऊन विचारत, “दुखतंय का? खरं सांगा.” आपण काहीही उत्तर दिले, तरी चष्मा सावरून ते स्वतः जमिनीवर पालथे पडत आणि आपली टाच टेकली आहे की नाही, हे गाल फरशीला लावून पाहत. पाठ टेकली आहे, असे आपण म्हणालो तर वर्तमानपत्राची घडी पाठीखालून सरकवून बघत. घडी आरपार गेली की म्हणत, “बघा, हितनं अख्खा पेपर गेला. आनि म्हनं टेकलीया.” वकीलसाहेबांनी एकदा, आमच्या शब्दावर आपला विश्वास नाही का, असे विचारले तेव्हा पंच म्हणाले होते, “इश्वास हाय की. पर इच्यारायचं बी आनि बघायचं बी. एकदा निस्तं इच्यारलं, तवापास्नं शानपन आलं.”

सगळे हसले. माझ्या पाठीखालून घडी त्या दिवशी सहज गेली असती. भीतीने माझे अंग कमान झाले होते.

कारण ते ज्याला विचारून फसले, तो मी होतो.

विशीत मी आमच्या पेठेच्या संघातून फुटबॉल खेळत असे. कोल्हापुरात पेठेचा सामना म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगणे कठीण आहे. घरातल्या लग्नाला न येणारा माणूसही त्याला येतो. त्या दिवशी आम्ही शिवाजी पेठेतल्या एका संघाविरुद्ध खेळत होतो. बरोबरी होती, वेळ संपत आली होती. कोपऱ्यातून चेंडू आला, मी उडी मारली, आणि माझ्या मनगटाला लागून तो जाळ्यात गेला. पंचांच्या आणि माझ्यामध्ये गर्दी होती. त्यांना दिसले नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारले, “बाळ, हात लागला का?” मी म्हणालो, “डोकं लागलं.” त्यांनी गोल दिला.

पंच स्वतः शिवाजी पेठेतले. हरलेल्या संघाला त्यांचे सख्खे थोरले भाऊ, तात्या, शिकवत असत. पंचाने पेठ विकली, असा बोभाटा झाला. घरावर दगड आले. दगड थांबले तरी तात्यांचे मौन थांबले नाही. पंचांनी सामने सोडले, पेठ सोडली आणि राजारामपुरीत खोली घेतली. हे सारे मला त्या काळीच ऐकू येत होते. ऐकत होतो आणि विजयाचे हार घालून घेत होतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या मणक्याने दगा दिला. कित्येक महिने मी अंथरुणावर होतो. शेजारच्या कांबळे सिस्टर, मूळच्या नेसरीच्या, नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्या मला धरून त्या वर्गाला घेऊन गेल्या. इमारतीच्या फाटकातून आत शिरतानाच शिट्टी ऐकू आली आणि मी ओळखली. परत फिरावे असे वाटले. पण पाठ झटकन फिरू देत नव्हती. पंचांनी मला ओळखले नाही. मैदानावर माझ्या डोक्यावर केसांचे रान माजलेले होते आणि मला टोपणनाव होते. आता दोन्ही गेले होते. ते मला ‘सर’ म्हणू लागले.

त्यांनी मला श्वास घ्यायला शिकवले. मुलाला पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरतात, तसा त्यांचा तळवा वर्षभर माझ्या कंबरेखाली होता. ज्या दिवशी मी कोणाच्याही आधाराशिवाय उभा राहून हात वर नेले, त्या दिवशी पंचांनी लांबलचक शिट्टी वाजवली आणि डोळे पुसत म्हणाले, “गोल!” मी कृतज्ञतेने घरून चहा मागवला. पंचांनी तो घेतला नाही. “पंचानं कुनाचा च्या प्यायचा न्हाय, सर. लोक बघत्यात.” बघायला तिथे आमच्याशिवाय फक्त स्कूटरी होत्या.

वर्गात रोज एक सतरंजी जास्तीची अंथरलेली असे, खांबाच्या आडोशाला, वाऱ्यापासून दूर. तिच्यावर कोणी बसायचे नाही. नवखा चुकून बसला की पिवळे कार्ड. विचारले तर उत्तर एकच: “राखीव खेळाडू लागतोच की.”

तो राखीव खेळाडू कोण, हे कळायला काही वर्षे गेली. एका सकाळी वर्ग संपल्यावर कांबळे सिस्टरांनी विषय काढला. शिवाजी पेठेत तात्यांना सांधेदुखीची इंजेक्शने द्यायला त्या जात होत्या. तात्यांचे गुडघे फार बिघडले आहेत, पंचांनी एकदा जाऊन भेटावे, असे त्यांनी सुचवले. पंचांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग त्यांनी आम्हाला तो सामना सांगितला.

वकीलसाहेब चिडले. “अहो, मग त्या पोराचं नाव पेठेत सांगायचंत. माझी चूक नाही, त्यानं सांगितलं म्हणून मी गोल दिला, म्हणायचं.”

“आनि पोरगं गावात फिरलं असतं कसं?” पंच म्हणाले. “विशीतलं पोर. लोकांनी फाडलं असतं त्येला. माझं काय, पंचाला शिव्या खायाची सवं असती.” आणि पुढे म्हणाले, “शिवाय त्येनं खरं बी सांगितलं असंल की. मला तर दिसलंच न्हवतं.”

इतकी वर्षे तो माणूस माझ्या शब्दाला संशयाचा फायदा देत आला होता.

सिस्टरांनी सतरंजीकडे पाहून विचारले, “मग ही तात्यांची?”

“व्हय. त्येला गार वारा सोसत न्हाय,” पंच म्हणाले. “येईल कवातरी.”

त्याच दिवशी संध्याकाळी मी शिवाजी पेठेत गेलो. तात्या तालमीसमोरच्या कट्ट्यावर, गुडघ्यांना पट्ट्या बांधून बसले होते.

“कुठल्या पेठंचं पावणं?” त्यांनी विचारले. मी सांगितले. “मग पानी मिळंल, च्या न्हाय,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी उभ्या उभ्याच सारे सांगून टाकले. तात्यांचे हसू हळूहळू उतरले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, जणू तोच चेंडू अजून तिथे असावा.

“एवढी वर्सं म्या सख्ख्या भावाला चोर म्हनलो,” ते म्हणाले. “त्येला सांगितलंस?”

मी नाही म्हणालो.

“मग मला कशाला सांगतुयास? त्येला सांग. माझ्या म्होरं सांग.” पट्टी आवळत त्यांनी विचारले, “सकाळी कवा असतंय त्ये तुमचं?”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षातून घेऊन आलो. ते माझ्या खांद्यावर भार टाकून उतरले. पंचांनी नुकतीच शिट्टी ओठांत धरली होती. ती सुटून छातीवर आली. खांबाजवळ जाऊन त्यांनी सतरंजीचा एक दुमडलेला कोपरा सरळ केला.

“खाली कसं बसायचं रं?” तात्या खेकसले. “गुडघं वाकत न्हाईत.”

“बसू नगंस,” पंच म्हणाले, आणि धावत जाऊन त्यांनी आपली एकुलती एक खुर्ची आणून सतरंजीवर ठेवली. तात्या बसले. एवढेच संभाषण झाले. वकीलसाहेब आणि सिस्टर तोंड फिरवून डोळे मिटल्याचे सोंग करून बसले होते. त्या दिवशी चोरून पाहणाऱ्यांना कार्ड मिळाले नाही.

वर्ग सुरू झाला. पंच रांगेतून फिरत माझ्याजवळ आले, वाकले, वर्तमानपत्राची घडी पुढे केली आणि रोजच्यासारखे म्हणाले, “सर, दुखतंय का? खरं सांगा.”

मी उठून बसलो. हात जोडले, तेच हात.

“हो पंच, दुखतंय,” मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो. “तुम्ही मला तेव्हाही असंच विचारलं होतंत. हात लागला होता. मी खोटं बोललो. तात्यांच्या समोर तुमची क्षमा मागतो.”