कपाटातले तीन आवाज

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस चिवट असतो, म्हणूनच धाकटा घामाघूम होऊन कोटांच्या कपाटात उभा राहिला आणि तेच गाणं अकराव्यांदा गायला. कपाटात रेकॉर्डिंग केलं की आवाज घुमत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. गुदमरायला होतं, हे सांगायचं राहून गेलं होतं.

गाणं बाबांनी आईसाठी रचलेलं. वरचा सूर ताईचा, खालचा दादाचा, मधला धाकट्याचा. पण शेवटच्या ओळीआधी थांबायचं की नाही, यावरून ताई-दादांचं असं बिनसलं, की तीन वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आईला पंचाहत्तराव्या वाढदिवसाला हवं होतं ते फक्त हे गाणं, तिन्ही आवाजांत.

धाकट्याने मग संगणकाला हाताशी धरलं. एका आवाजावरून वरचा आणि खालचा सूर बनवून देणारं सॉफ्टवेअर त्याने मिळवलं. वरचा सूर जरा चिरका आला, खालचा बादलीत तोंड घातल्यासारखा. तरी त्याचे डोळे भरून आले. "तिघांनी गायलंय" असं लिहून त्याने गाणं आईला पाठवून दिलं.

तासाभरात दादाचा फोन. "आईने गाणं पाठवलं. ताईला बोलावलंस, आणि मी काय मेलो होतो? माझ्या जागी तो रेडा कुठून आणलास?"

"दादा, तो मीच आहे."

"थापा मारू नकोस!" फोन बंद.

लगेच ताई. "दादाला गायला घेतलंस, आणि माझी जागा कुठल्या बाईला दिलीस? केवढी किंचाळते!"

"ताई, ती बाई मीच."

"तुझी तब्येत बरी आहे ना रे?"

रविवारी दोघंही त्या बाईचा आणि रेड्याचा छडा लावायला नेमके एकाच वेळी दारात हजर झाले. एकमेकांना पाहून दोघांनी माना फिरवल्या. धाकट्याने घाईघाईने संगणक लावला, "आ" केलं, आणि एका "आ"चे तीन करून दाखवले.

"हा खालचा सूर?" दादा उसळला. "अरे, शेवटच्या ओळीआधी थांबायचं असतं!"

"थांबायचं नसतं!" ताई पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "गाऊन दाखवू?"

"दाखवच!"

तिघं कपाटात कोंबले गेले. ताईच्या नाकाशी कोटाची बाही, दादाच्या डोक्यावर हँगर. शेवटच्या ओळीपाशी दादा थांबला नाही आणि ताई थांबली. दोघांनीही एकमेकांसाठी माघार घेतली होती. घोटाळा झाला आणि तिघं इतके हसले, की कपाटाची दांडीच खाली आली. मग गाणं पहिल्यापासून त्यांनी जमिनीवर, कोटांच्या ढिगात बसून म्हटलं.

गाणं मिळताच आईने फोन केला. "हं. हे खरं."

"म्हणजे पहिलं खोटं, हे तुला कळलं होतं?"

"तिन्ही आवाजांना एकाच जागी धाप लागत होती. लहानपणापासून तुला लागते तिथेच."

"मग दादाला ताई गायली म्हणून का सांगितलंस? आणि ताईला दादा?"

"तू मला तेच पाठवलं होतंस ना? मी फक्त पुढे सांगितलं," आई म्हणाली. "आता फोन ठेव आणि त्या दोघांना जेवायला थांबव."