ईशिगाकीला जाताच आहात तर

शुभदाकाकू मेतकूट घेऊन आल्या तेव्हा रेवा हॉलच्या भिंतीवर बेटाचा नकाशा चिकटवत होती. मेतकूट थोडंथोडकं नव्हतं. चांगली तीन किलोची बरणी होती, आणि झाकणाला चिकटपट्टीचे इतके वेढे घातले होते, की आतून कुणी पळून जाईल अशी भीती असावी.

"जपानला जाताच आहात, तर आमच्या उर्वीला एवढं द्या," काकू म्हणाल्या. उर्वी त्यांची भाची. ती टोकियोला असते.

"काकू, आम्ही टोकियोला नाही जात. ईशिगाकीला जातोय."

"जपानच ना पण?"

"जपानच. पण इथून, मस्कतहून, मुंबई जेवढी लांब आहे ना, त्याहून ईशिगाकीपासून टोकियो लांब आहे. हे बघा नकाशात."

काकूंनी नकाशाकडे पाहिलं. "नकाशात तर एवढंसंच दिसतंय," असं म्हणून बरणी टीपॉयवर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

दार्सैतच्या त्या इमारतीचा एक जुना रिवाज होता. कुणीही मस्कत सोडून निघालं, की त्याच्या बॅगेवर चारही मजल्यांचा हक्क. रेवाचे आईबाबा, जयवंती आणि प्रशांत, दर उन्हाळ्यात गावी लांज्याला जात ते दुसऱ्यांचे खजूर, साबण, औषधं आणि एकदा तर मिक्सर घेऊन. स्वतःचे कपडे हातातल्या पिशवीत. या रिवाजाला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

पण आजवर कुणी ईशिगाकीलाही निघालं नव्हतं. "दहावीला नव्वदच्या वर पडले तर म्हणशील तिथे नेतो," असं बाबा बोलून गेले होते, कारण रेवाचं गणित त्यांना माहीत होतं. रेवाने एक्क्याण्णव पाडले आणि म्हणेल ते ठिकाण भिंतीवर चिकटवलं. सहा दिवस होते. काबिराचा हिरवानिळा उपसागर, काचेच्या तळाची बोट, पंख पसरून उडल्यासारखे पोहणारे मांटा मासे, खारफुटीतून होडी, चुनखडीची गुहा, आणि शेजारच्या छोट्या बेटावर ताऱ्यांच्या आकाराची वाळू. रेवाने तासातासाचं वेळापत्रक केलं होतं. त्यात झोपेलाही जागा होती, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या दुकानातले शरीफचाचा वर आले. हातात ओमानी हलव्याचे चार डबे.

"ओवेस माझा भाचा. ओसाकाला हाय. चार वर्सं झाली पोराला हलवा खाऊन."

"चाचा, ओसाका..."

"वाटेतच असंल ना बेटा."

नव्हतं. ही मंडळी तैवानवरून जाणार होती. पण आई तोवर "ठेवा हो, त्यात काय," म्हणून मोकळी झाली होती.

तिसऱ्या दिवशी बाबा कुरुमच्या ऑफिसातून लाकडी पेटी घेऊन आले. आत लोबान. अर्बाबच्या, म्हणजे त्यांच्या ओमानी मालकाच्या, जुन्या मित्रासाठी, मुक्काम नागोया.

"बाबा, तुम्ही पण?"

"त्याने रजेवर सही केली, पेन खाली ठेवलं आणि पेटी पुढे केली. सहीची शाई ओली होती गं. तिथे काय बोलणार?"

मग आई पेन्सिल घेऊन वेळापत्रकासमोर बसली. टोकियोसाठी दोन दिवस काढले, तेव्हा खारफुटी गेली. ओसाकात गुहा बुडाली. नागोयाने मांटा मासे खाल्ले.

"राहिलं काय?" रेवाने विचारलं.

"एक दुपार आहे की. त्यात वाळू बघ. वाळू पटकन बघून होते."

बॅगांचं वजन केलं तेव्हा रेवाच्या कपड्यांना चार किलो उरले. त्यातूनही तिचा स्विमसूट काढून आईने त्या जागी पापड बसवले. ते कुणाचे, हे विचारायचीही सोय नव्हती.

रेवा शाळेत इतकं इंग्रजी बोलायची की मराठी लिहिताना तिचे ऱ्हस्व-दीर्घ घसरायचे. पण त्या संध्याकाळी तिने आईचा फोन घेतला आणि इमारतीच्या ग्रुपवर एकही चूक न करता लिहिलं:

"मी रेवा लिहितेय. पार्सलं नेऊ, पण घरपोच करणार नाही. ज्याचं आहे त्याने ईशिगाकीला येऊन न्यावं. वीस ते पंचवीस जुलै आम्ही तिथेच आहोत. कुणी आलं नाही, तर हलवा आणि मेतकूट मी किनाऱ्यावर बसून खाईन."

लोबान खाता येत नाही, म्हणून तिने बाबांच्या फोनवरून थेट अर्बाबला फोन लावला आणि हेच इंग्रजीत सांगितलं, फक्त "खाईन"च्या जागी "जाळीन" म्हणाली. मग अर्बाब "ओके, इन्शाल्ला," म्हणाला आणि फोन ठेवला.

"खलास," बाबा सोफ्यावर बसले. "आता रजाच काय, नोकरीही गेली. मी कायमचा लांज्याला."

दोन दिवस लिफ्टमध्ये कुणी त्यांच्याशी बोललं नाही. शुभदाकाकू तर त्यांना बघून जिन्याने जायच्या, गुडघे दुखत असूनही. आई म्हणाली, "माफी माग." रेवा म्हणाली, "मागते. मांटा बघून आल्यावर."

तिसऱ्या दिवशी टोकियोहून फोन आला.

"रेवा का? मी उर्वी. अगं, सात वर्षं झाली जपानात, पण कधी काही बघितलंच नाही. रजा मिळाली की पुणे. मावशीने तुझा मेसेज पाठवला आणि आम्ही भांडायच्या ऐवजी तिकिटंच काढली. पाच जण येतोय, सासूबाई धरून."

दुपारी ओवेसचा मेसेज आला. तो आणि त्याचे तीन रूममेट. हलवा चौघांत वाटायचं ठरलं होतं. संध्याकाळी बाबा घरी आले ते चेहऱ्यावर रंग घेऊन. अर्बाबचे नागोयाचे म्हातारे मित्र बायकोला घेऊन येणार होते, तीस वर्षं दोघं नुसतं जाऊ जाऊ म्हणत होते.

"म्हणजे आपण धरून चौदा," आईने बोटांवर मोजलं. "एवढ्यांना कोण फिरवणार?"

रेवाने वेळापत्रकावरच्या पेन्सिलीच्या रेघा खोडरबराने पुसल्या. मग नवा ग्रुप केला, सगळ्यांना त्यात घेतलं आणि पहिला हुकूम सोडला: सकाळी सहाला धक्क्यावर हजर. जो हॉटेलवर झोपून राहील त्याला पार्सल मिळणार नाही.

उर्वीच्या सासूबाईंनी लगेच विचारलं, "मला पोहता येत नाही. मी खोलीवर थांबले तर चालेल का?"

"काचेच्या तळाची बोट आहे, आजी," रेवाने लिहिलं. "मेतकूट त्या बोटीतच मिळेल."