मुख्यालयी राहणारा माणूस

माणूस जिथं झोपतो, जेवतो आणि ज्या घराच्या गळक्या नळाला शिव्या देतो, तिथं तो राहतो, असा एक अशास्त्रीय समज समाजात आहे. सरकारी नोकरीत आल्यावर तो वर्षभरात गळून पडतो. राहणं ही शरीराची बाब नसून ठरावाची बाब आहे. ग्रामसभेनं ठराव केला की कर्मचारी मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावी, राहू लागतो. त्याचं शरीर मग कुठं का असेना.

आमची शरीरं सुखनिवास कॉलनीत असतात. लातूरच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून ही कॉलनी आहे. शंभरावर रो-हाउस, प्रत्येकापुढं चारचाकी, आणि गेटवर सोंड वर केलेले दोन सिमेंटचे हत्ती. इथं शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक असा सगळा ग्रामीण विकास एकत्र नांदतो. सकाळी गाड्या खेड्यांकडे निघतात, संध्याकाळी परत येतात. याला अपडाऊन म्हणतात. खेड्यांचा विकास करून दमलेल्या माणसाला संध्याकाळी खेडं दिसू नये, हा यामागचा विचार आहे.

एकच अडचण आहे. कागदोपत्री या कॉलनीत कुणीच राहत नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही नळाच्या पाण्याची मागणी करायला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या बाबूनं कायम रहिवाशांची नावं आणि सह्या मागितल्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि टँकर सुरू केला. (टँकरचं पाणी जास्त गोड असतं, हे तेव्हा लक्षात आलं.)

मी या कॉलनीचा सचिव. नोकरी तळणखेडच्या शाळेत. मुख्याध्यापक रामलिंग सरही इथलेच, तेव्हा आमची एकच गाडी. आणि आमचा अधिकृत निवास तळणखेडच्या रामकिशनरावांच्या गोठ्यात.

रामकिशनराव हे गावातले मोठे शेतकरी आणि मनानं त्याहून मोठे. कुणाही कर्मचाऱ्याला ठरावासाठी घरमालक लागला की ते आपल्या गोठ्याचा घर क्रमांक देतात. अशा रीतीनं त्या एका गोठ्यात नऊ कुटुंबं राहत होती. दोन म्हशी आणि एक वगार यांची सोय करून उरलेल्या जागेत सर्व जातींची नऊ कुटुंबं, एका छपराखाली, एकदाही भांडण नाही. असं ऐक्य दुसरीकडे शोधून दाखवावं.

या ऐक्याला एकाच माणसानं तडा दिला. विनोद सरांनी.

विनोद सर मूळचे बिलोलीकडचे. सात वर्षांपूर्वी तळणखेडला रुजू झाले आणि आल्याआल्या रामकिशनरावांकडे जाऊन म्हणाले, "राहायला खोली पाहिजे."

रामकिशनराव म्हणाले, "ठराव करून देऊ की सर."

"ठराव नको, खोली पाहिजे. आई आहे, बायको आहे, लेकरू आहे."

रामकिशनरावांनी पूर्ण नाव विचारलं. मग जरा वेळानं म्हणाले, "खाली न्हाई सर सध्याला." (खोल्या दोन होत्या. त्यांत कांदे भरले होते. कांद्यांना आडनाव नसतं.)

विनोद सर बौद्ध आहेत. गावानं त्यांची जात मुळीच विचारली नाही. फक्त पूर्ण नावानंतर कुणाकडेच खोली खाली राहिली नाही. शेवटी विहाराशेजारी, बौद्धवस्तीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात हे कुटुंब राहू लागलं. राहू लागलं म्हणजे खरोखरच. तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप. ठराव मात्र विनोद सरांनी करून घेतला नाही. आपण राहतो आहोत, तेवढं पुरे, असं त्यांना वाटायचं. शिकलेल्या माणसातही असे स्वभावदोष असतात.

गेल्या हिवाळ्यात एक नवीन साहेब बदलून आले आणि दिवेलागणीला न सांगता तळणखेडात उतरले. कोण कर्मचारी मुख्यालयी राहतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. (नवीन असल्यावर असं होतं.) नऊ जणांचा पत्ता एकच, म्हणून ते थेट गोठ्यात गेले. गोठा रिकामा. दारात रामकिशनराव.

"इथली सगळी कुठं गेलीत?" साहेबांनी विचारलं.

रामकिशनरावांना वाटलं, म्हशींची चौकशी चालली आहे. "चरायला गेल्यात साहेब. येतीलच आता. सकाळी सुटत्यात, दिवसभर चरत्यात."

साहेबांनी पाहणीच्या टिपणात लिहिलं: सर्व कर्मचारी चरावयास गेल्याचे आढळले. या वाक्यात चूक काढता येईल असं काही आजवर कुणाला सापडलेलं नाही.

मग कुणीतरी त्यांना विनोद सरांकडे नेलं. सर ओट्यावर वस्तीतल्या पोरींना अपूर्णांक शिकवत होते. आत रेणुकावहिनी भाकरी थापत होत्या. त्यांच्या सासूबाई, कोंडाबाई, दारात शेंगा निवडत बसल्या होत्या.

"राहता इथं?" साहेब म्हणाले.

"हाव सर."

"पुरावा?"

विनोद सरांनी स्वतःकडे बघितलं. मग आईकडे. रेणुकावहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "म्हणजे काय साहेब? सात वर्षं आम्ही काय पाव्हणे म्हणून राहायलाव का हितं?"

साहेब सज्जन होते, त्यांना वाईट वाटलं. पण नियमात ठराव लिहिला आहे, माणूस लिहिलेला नाही. आम्हा नऊ जणांकडे ठराव होता, फक्त आम्ही नव्हतो. विनोद सर होते, फक्त ठराव नव्हता. मुख्यालयी राहत नसल्याबद्दल एकच नोटीस निघाली. ती विनोद सरांच्या नावानं.

इथवर सगळं कायदेशीर होतं. खरा धोका पुढं आला. दुसऱ्या दिवशी रामकिशनरावांच्या मंडळी साखराबाई शाळेच्या फाटकात उभ्या राहिल्या आणि रामलिंग सरांना म्हणाल्या, "ते सर राहत्यात की ओ गावात. मग तुमालाच काय काटे टोचत्यात हितं?"

सर हजेरीपट घेऊन आत गेले. पण परतीच्या वाटेवर गाडीत कुणी गाणी लावली नाहीत. एक माणूस गावात राहत होता, म्हणून बाकीचे राहत नाहीत हे दिसत होतं. तो राहिला नसता तर कुणीच राहत नसतं, म्हणजे सगळे सारखेच राहिले असते. ही गोष्ट विनोद सरांना प्रेमानं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

त्याआधी कॉलनीच्या कमिटीची बैठक झाली. एक रो-हाउस भाड्यानं द्यायचं होतं. मालक पुण्याला असतात आणि फॅमिली चांगली पाहिजे म्हणतात. आमच्या कॉलनीत जात विचारत नाहीत. आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर मूळ गाव, आणि तरीही नाही कळलं तर घरात देव कुठला. त्यापुढं मात्र कुणी जात नाही, कारण तोवर कळलेलं असतं. पण त्या दिवशी कुणी काहीच विचारलं नाही. विनोद सरांना घर द्यावं, असं एकमतानं ठरलं. थोर माणसांनी भाषणं करून जे साधलं नाही, ते एका आकस्मिक पाहणीनं साधलं. मला भरून आलं.

रविवारी विनोद सरांच्या घरचे सगळे कॉलनी बघायला आले. मी हत्ती दाखवले, चालायचा ट्रॅक दाखवला, इंग्रजी शाळेची बस कुठं थांबते ते दाखवलं. त्यांची मुलगी बुद्धप्रिया पाचवीत आहे. तिनं बस किती वाजता येते, एवढंच विचारलं. विनोद सर खिशात हात घालून मागं मागं चालत होते.

कोंडाबाईंनी बंद दारांकडे बघत विचारलं, "हितं माणूस मेलं तर कळतंय का कुणाला?"

"लगेच कळतं मावशी," मी म्हणालो. "कॉलनीच्या ग्रुपवर पडतं."

रेणुकावहिनी घरात गेल्या त्या बाहेरच येईनात. मी डोकावलो, तर त्या बेडरूमचं दार लावून बघत होत्या. लावायच्या, उघडायच्या, पुन्हा लावायच्या.

"कडी नीट बसत नाही का वहिनी?"

"बसते की," त्या म्हणाल्या. "तेच बघायले."

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी चहाला गेलो. निर्णय व्हायचा होता.

विनोद सर म्हणाले, "संध्याकाळी पोरी येतात. मी गेलो तर त्यांना कोण बघणार? आणि गावात राहिलं की गाव कळतं. सगळेच निघाले तर गावात राहायचं कुणी?"

हे ऐकून मला फार चांगलं वाटलं. मी स्वतः असे विचार पंधरा ऑगस्टला मांडत असतो.

रेणुकावहिनींनी कप खाली ठेवला. "पोरी तुमच्याकडं येतात. माझ्याकडं कोण येतं, सांगू? फोन लागेना, या वहिनीकडं. गोळ्या कुठल्या घ्यायच्या, या वहिनीकडं. मी कुणाला नाही म्हणलं नाही. पण सात वर्षांत एकदा दुपारी दार लावून झोपले नाही मी. मला दार लावायचंय, अहो. बाकी काही नको."

विनोद सरांनी आईकडे बघितलं. आई गावाच्या बाजूनं बोलेल, असा त्यांचा अंदाज होता. माझाही होता, मी उत्तर तयार ठेवलं होतं.

कोंडाबाई म्हणाल्या, "गाव सोडू नये, गाव सोडू नये. कोण म्हणतंय रे असं? ज्याला गावातल्या हिरीवर पाणी मिळालं, त्यानं म्हणावं. माझा जलम गेला गावाच्या कडंला. बिलोलीकडंबी कडंला आन् हितंबी कडंलाच. तुला सेवा करायची तर गाडीवर बस आन् जाऊन कर. तिला कशाला बांधून घालतोस?"

विनोद सरांनी सगळ्यांचे कप गोळा केले. मग म्हणाले, "टेम्पो बघतो."

माझ्या उत्तराची गरजच पडली नाही.

उन्हाळ्यात सामान हललं. वस्तीतल्या बायका रडल्या. पोरी टेम्पोमागं फाट्यापर्यंत आल्या, आणि विनोद सर पुढं ड्रायव्हरशेजारी न बसता मागं सामानात बसले, त्यांच्याकडे तोंड करून. रामलिंग सरांनी नारळ फोडला.

त्यानंतरच्या पहिल्याच ग्रामसभेत विनोद सरांचा ठराव झाला. राहत होते तोवर त्यांना पुरावा नव्हता; सोडून गेले आणि ते मुख्यालयी राहत असल्याचं गावानं एकमुखानं मान्य केलं. पत्ता रामकिशनरावांचा गोठा. सात वर्षांपूर्वी जिथं खोली खाली नव्हती, तिथं दहावं कुटुंब मानानं सामावून घेतलं गेलं. नोटीस मागं घेण्यात आली. साहेबांनीही अहवाल दिला की तळणखेडात मुख्यालयी निवासाचं प्रमाण आता शंभर टक्के आहे. खरं राहणारा शेवटचा माणूस गेल्याशिवाय हा आकडा गाठता येत नव्हता.

विनोद सर आता आमच्या गाडीत असतात. सुरुवातीला ते शाळा सुटल्यावर थोडं थांबू म्हणायचे. आम्ही हॉर्न वाजवायचो. आता पावणेपाचला तेही घड्याळाकडे बघतात. त्या वेळी मात्र कुणाशी नजर मिळवत नाहीत.

इकडे तळणखेडच्या लोकांचा शाळेवरचा विश्वास का कोण जाणे कमी झाला. पिवळ्या गाड्या येऊन पोरांना रेणापूरच्या इंग्रजी शाळेत नेऊ लागल्या. ज्यांना पिवळी गाडी परवडत नाही त्यांच्या पोरी आमच्याकडे आहेत. अपूर्णांक त्यांना जरा जड जातात, असं रामलिंग सर म्हणतात.

दिवाळीनंतर रामकिशनरावांनी म्हशी विकल्या आणि नातवाच्या शिक्षणासाठी सुखनिवासात रो-हाउस घेतलं. खाली एकच होतं. विनोद सरांच्या शेजारचं. मधली भिंत सामाईक आहे.

पहिल्या संध्याकाळी साखराबाई वाटी घेऊन फिरत फिरत पार गेटाशी आल्या. कॉलनीत बाकी सगळी दारं बंद होती. त्या थोडा वेळ हत्तींकडे बघत उभ्या राहिल्या, मग कोंडाबाईंच्या पायरीशी गेल्या आणि म्हणाल्या, "विरजण हाय का हो थोडं?"

कोंडाबाईंनी त्यांच्या वाटीत विरजण घातलं, वर साय घातली, बसा म्हणाल्या. साखराबाई पायरीवर टेकल्या. दोघींनी कॉलनीत माणसं कशी दिसत नाहीत, यावर बरंच बोलून घेतलं. साखराबाई गेल्यावर कोंडाबाई आत जाऊन एकट्याच हसत बसल्या, आणि का हसता विचारलं तर सांगेनात, असं रेणुकावहिनींनी माझ्या मिसेसना सांगितलं. रेणुकावहिनी हल्ली दुपारी दार लावून झोपतात. पाचच्या सुमाराला उठून दार उघडतात आणि कुणी येतंय का बघतात.

आता वाचकांना आमचा राग आला असेल. तो यावा, त्यानं समाज जिवंत राहतो. कर्मचाऱ्यांनी खेड्यात राहिलंच पाहिजे, अशी भूमिका आपण पुण्यात, संभाजीनगरात, नाहीतर लातूरच्या दुसऱ्या मजल्यावर बसून घेतली असणार. प्रवासात शेजारच्यानं "गाव कोणतं तुमचं?" म्हणून विचारलं की तुम्हीही फ्लॅटचा पत्ता सांगत नाही. किल्लारी सांगता, निलंगा सांगता, आजोबा ज्या खेड्यातून निघाले त्याचं नाव सांगता. सांगताना छाती जरा पुढं येते. तिथं शेवटचा मुक्काम कधी केलात, ते आम्ही विचारणार नाही. आमची रीत विचारण्याची नाही.

फक्त एवढं लक्षात असू द्या, की आमच्याकडे निदान ठराव आहे.