बेहाल्यातलं गाजरगवत

सदाशिवराव नवाथ्यांना एक खोड होती. सरकारनं बदली करून कुठंही टाकलं, की त्या गावाचं काय चुकतंय ते आधी शोधायचं. कलकत्त्याला आल्यावर मात्र तिथल्या बेहाला वस्तीनं त्यांना दोन वर्षं तंगवलं.

मग एकदाची चूक सापडली. घरासमोरच्या मैदानात दुर्गापूजेचा मांडव पडायचा, तिथं कमरेएवढं तण माजलं होतं. वर पांढरी बारीक फुलं. शेजारीपाजारी कौतुकानं बघायचे. सदाशिवरावांनी एक काडी मोडली, हुंगली आणि जाहीर केलं, "हे गाजरगवत. पुण्यात मी ह्याच्याशी झुंजलोय. हे दूर्वांनासुद्धा जगू देत नाही."

पूजा भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी हरिपददा म्हणाले, "नवाथेबाबू, पूजेआधीच्या महालयापर्यंत मैदान साफ होऊ दे, दूर्वा परत येऊ देत. पूजा कमिटीत तुमची जागा पक्की."

कमिटीत! ह्या एका खुर्चीसाठी हा माणूस दोन वर्षं हिलसा मासा आवडल्याचं सोंग करत होता. त्यांनी लगेच सभा बोलावली, मोडक्या बंगालीत पाऊण तास बोलले आणि शेवटी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "ज्यानं हे बी इथं आणलं त्याला शोधू, आणि सगळं मैदान त्यानं एकट्यानं उपटायचं." टाळ्या पडल्या, ठराव वहीत लिहिला गेला.

हरिपददा सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चार दिवस मैदान मोजून नकाशा काढला. गवत जितकं दाट तितकी टिंबं दाट. ती टिंबं एका कोपऱ्यात येऊन काळीकुट्ट झाली. रविवारी सकाळी सगळा क्लब त्या कोपऱ्यात जमला, सदाशिवराव अर्थातच सगळ्यांच्या पुढे.

"उगम इथं आहे," ते म्हणाले. "आता गुन्हेगार लांब नाही."

एवढ्यात वरून मूठभर गवत, मुळासकट, त्यांच्या टकलावर येऊन पडलं. सगळ्यांनी माना वर केल्या. कोपऱ्याला खेटून असलेल्या त्यांच्याच घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांच्या सौभाग्यवती कालिंदीबाई तुळशीची कुंडी साफ करत होत्या.

ती कुंडी पुण्याची. तुळस काय कलकत्त्याला मिळत नाही का, असं कालिंदीबाई निघतानाच म्हणाल्या होत्या. पण पुण्याच्या मातीची सर कशाला येणार, म्हणून सदाशिवरावांनी ती दोन रात्री मांडीवर घेऊन प्रवास केला होता.

"अगं, हे रोज खाली टाकतेस?"

"रोज कुठं? दर रविवारी. तुळशीत तण ठेवायचं नाही, हे तुमचंच ना?"

"मग सभेत बोलली का नाहीस?"

"विचारणार होते, हेच का ते म्हणून. पण तुमचं भाषण संपेना."

हरिपददांनी ठरावाची वही उघडली.

पुढचे पाच रविवार सदाशिवराव एकटे मैदानात वाकलेले, आणि क्लब कडेला चहा पीत बसलेला. हात सुजले, मान खाजून खाजून लाल झाली. पण मैदान साफ झालं, मांडव पडला, कमिटीत खुर्चीसुद्धा मिळाली. लोकांनी शब्द पाळला, हे मान्य करायला हवं.

वर्षभरानं नागपूरला बदली झाली. निरोप द्यायला अख्खी गल्ली हावड्याला आली, तेव्हा सदाशिवरावांना खरंच भरून आलं. परक्या मुलखात एवढी माया कुणाला मिळते? ते चष्मा पुसत होते, तोवर हरिपददांनी डब्यातलं सामान एकेक करून तपासलं, पुन्हा तपासलं, आणि काळजीनं कालिंदीबाईंना विचारलं,

"बौदी, कुंडी कुठं दिसत नाही. घेतलीत ना?"