लीकप्रूफ स्मोकर

"कोंबडीला धूरच द्यायचाय ना? मग कोळसा लाल करा, वाटीत ठेवा, वर चमचाभर तूप सोडा आणि पातेल्यावर झाकण ठेवा. झालं!" विजयश्री चपाती लाटता लाटता म्हणाली.

"त्याला स्मोकिंग म्हणत नाहीत," धनेश म्हणाला. "स्मोकिंग म्हणजे मंद आच, लाकडाचा धूर आणि चार-पाच तास दम काढायचा. मांस हाडावरून आपोआप सुटतं. त्याला मशीन लागतं."

धनेशला मशीन लागणारच होतं. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या बनत आणि तिथल्या लीक टेस्टिंगचा तो प्रमुख होता. टाकीत हवा भरायची, ती पाण्यात बुडवायची आणि एक जरी बुडबुडा आला तरी टाकी परत पाठवायची, हे काम तो इतकी वर्षं करत होता की आता त्याला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसत, गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या. मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने सरबताचा ग्लास आधी उचलून खालून पाहिला होता. विजयश्री हे अजून सगळ्यांना सांगते.

या स्मोकरमागे खरं कारण होतं ते म्हणजे त्याचे सासरे. हिराजीराव मूळचे अलिबागकडचे. पिंपरीतल्या कारखान्यात उभा जन्म काढून आता निगडीत राहत. मुलगी घाटावर दिली याचं त्यांना दुःख नव्हतं, पण घाटावरच्या माणसाला खाण्यातलं कळतं यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. लग्न झाल्यापासून ते जावयाकडे कितीदा तरी जेवले. ताटात पडेल तेवढं मुकाट्याने संपवत आणि धनेशने भांडं पुढे केलं की ताटावर आडवा हात धरून म्हणत, "बास." धनेशने सुरमई करून पाहिली, मटण करून पाहिलं, एकदा तर मालवणहून मसाला मागवला. उत्तर एकच, "बास." सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी "आणखी वाढा" ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. मग वाकडच्या एका हॉटेलात कंपनीच्या जेवणाला त्याने स्मोक केलेली कोंबडी खाल्ली आणि प्रत्येक जण तिसऱ्यांदा मागून घेताना पाहिलं. त्याच क्षणी त्याचं ठरलं. येत्या रविवारी सासू-सासरे जेवायला येणार होते.

नवशिक्याने पहिला स्मोकर कसा निवडावा याचा त्याने आठवडाभर अभ्यास केला. विजेवर चालणारा सगळ्यात सोपा असं सगळे सांगत होते, पण त्यांच्या मोशीच्या रो-हाउसमध्ये रविवारी वीज असेलच याची खात्री द्यायला कोणी तयार नव्हतं. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा छान होता, पण त्या गोळ्या आल्या असत्या पुढच्या महिन्यात. कोळशाचा गोल किटलीसारखा एक त्याला आवडला होता. दुकानात जाऊन त्याने झाकण लावलं, फटीत कागद सरकवला, तो आरपार गेला. "एवढी गॅप?" असं म्हणून तो दुकानदाराकडे अशा काही नजरेने बघायला लागला की त्या बिचाऱ्याने आपण होऊन माफी मागितली.

शेवटी तो भोसरीला गेला, रणजीतच्या वर्कशॉपमध्ये. रणजीत फॅब्रिकेशनची कामं करायचा आणि त्याच्या वेल्डिंगला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. धनेशने मोबाइलवरचं एक परदेशी ड्रॉइंग दाखवलं. स्टेनलेस स्टीलचं गुडघ्याएवढं पिंप, आत तळाला कोळशाची टोपली, वर मांसाची जाळी, घट्ट झाकण.

"राव, ही खाली तीन भोकं कशाला?" रणजीतने विचारलं.

"वरही एक आहे बघ."

"धूर तर ह्यातून निघून जाणार की!"

"तेच म्हणतोय मी. पैसे घालून धूर करायचा आणि शेजाऱ्यांना फुकट वाटायचा? मांसाला काय राहणार?"

"बाहेरच्या देशातला माल ना," रणजीत तुच्छतेने म्हणाला. "फिनिशिंगला मारच खातो. बुजवून टाकू."

असं दोन जाणकारांचं एकमत झालं. पिंप तयार झाल्यावर धनेशने त्यात हवा भरून वरून साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. रणजीतने ते पॉलिश करून असं चमकवलं की त्यात तोंड बघून भांग पाडता यावा. दोघांनी त्याच्याबरोबर फोटो काढला आणि धनेशने रणजीतलाही रविवारचं आमंत्रण दिलं.

रविवारी हिराजीराव आणि गोजाबाई आले ते गावाहून आलेल्या वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. परसात स्मोकर झळकत होता. शेजारच्या इंदुताई त्यांच्या बाजूने भिंतीवर कोपरं टेकून उभ्या होत्या.

"माझे कपडे वाळत आहेत हां धनेश," त्यांनी सांगितलं. "धूर आला तर मी गप्प बसणार नाही."

"निश्चिंत राहा, ताई. लीकप्रूफ आहे."

धनेशने कोळसे पेटवले, त्यावर आंब्याच्या लाकडाचे तुकडे ठेवले, मसाल्यात मुरवलेल्या कोंबड्या जाळीवर मांडल्या, झाकण ठेवलं आणि चारी बाजूंच्या कड्या आवळल्या. झाकणावरचा तापमानाचा काटा ऐटीत वर चढला. मग थांबला. मग खाली यायला लागला.

"उतरतोय," रणजीत म्हणाला.

"स्थिरावतोय," धनेश म्हणाला.

काटा इतका स्थिरावला की शेवटी झाकण काढावं लागलं. आत कोळसे काळेठिक्कर आणि कोंबड्या जशाच्या तशा. धनेशने पुन्हा पेटवलं, पुन्हा कड्या आवळल्या. पुन्हा विझलं. कोळसा ओला असेल म्हणून कोळसा बदलला. लाकूड कच्चं असेल म्हणून लाकूड बदललं. झाकणातून हवा निघत असेल म्हणून रणजीतने कड्या पान्याने आणखी आवळल्या, तेव्हा तर विस्तव लगेचच गेला. हिराजीराव हात मागे बांधून हे बघत होते. थोड्या वेळाने ते फाटकाबाहेर चालते झाले.

"बाबा गेले की हो!" विजयश्री कुजबुजली. "हॉटेलातून मागवू का काही?"

"सासऱ्यांना पार्सल खायला घालू?" धनेशचा आवाज चिरकला. तो आता खरोखर घाबरला होता. आज हे फसलं तर सासऱ्यांचा तो आडवा हात जन्मभर ताटावरून हलणार नव्हता.

तेवढ्यात इंदुताई फाटकातून तावातावाने आत आल्या.

"कुठाय धूर?"

"नाहीये," धनेश म्हणाला.

त्यांनी स्मोकरभोवती एक फेरी मारली, वाकून वास घेतला. त्यांची निराशा चेहऱ्यावर दिसत होती, कारण भांडण सकाळपासून तयार होतं. "कमाल आहे बाई. एवढा वेळ पेटवताय आणि धुराची रेघसुद्धा नाही! प्रत्येकाने असलाच घ्यावा," त्या म्हणाल्या. अशा परिस्थितीतही धनेशची मान जरा ताठ झाली.

मग हिराजीराव परत आले. हातात हिरव्या पाल्याचा भारा होता. समोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये भांबुर्ड्याचा रानपाला माजलाय हे त्यांनी गाडीतून उतरतानाच पाहून ठेवलं होतं. त्यांनी स्मोकर आडवा केला, तळावरून हात फिरवला आणि विचारलं, "जावईबापू, ह्याला खाली भोक नाय?"

"एकही नाही, मामा. साबणाचं पाणी लावून तपासलंय."

"वर? बाजूला?"

"कुठेच नाही."

"मग ह्यो स्मोकर कसला? ह्ये मडकं हाय. गोजे, शेंगा आन."

गोजाबाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. हिराजीरावांनी टोपली आणि जाळी काढून ठेवली, झाकण भिरकावलं, तळाला पाला पसरला, त्यावर शेंगा, त्यात ओवा आणि जाडं मीठ, मग कोंबड्या, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा. तोंडात पाल्याचा बोळा कोंबला आणि पिंप जमिनीवर पालथं घातलं. मग धनेशने चार-पाच तासांसाठी आणलेली सगळी लाकडं त्यांनी चहूबाजूंनी रचली आणि पेटवून दिली.

"पॉलिश!" रणजीत ओरडला. पण तोवर त्याचा आरसा काळा पडला होता.

आता मात्र धूर झाला. मोशीच्या त्या गल्लीत दिवाळीलाही कधी झाला नव्हता एवढा झाला. इंदुताईंचं सकाळचं भांडण अखेर कामाला आलं, पण अर्ध्यावरच पाला, ओवा आणि कोंबडीचा एकत्र वास सुटला आणि त्यांनी मध्येच थांबून विचारलं, "काय आहे हे?"

"पोपटी," हिराजीराव म्हणाले. "आमच्या अलिबागची. बसा."

इंदुताई बसल्या. पाऊण तासाने पिंप सुलटं केलं तेव्हा मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. धनेशने स्वतः वाढलं. हिराजीराव मान खाली घालून जेवत होते. ताट रिकामं झालं. धनेशने सवयीने पातेलं पुढे केलं आणि सवयीनेच तो "बास" ऐकायच्या तयारीत उभा राहिला. हिराजीरावांनी हात वर उचलला. तो ताटावर आला नाही. त्या हाताने त्यांनी मिशी पुसली.

"तंगडी हाय का आनखी?"

गोजाबाईंचा घास हातात राहिला. विजयश्रीने नवऱ्याकडे पाहिलं. धनेशला इतका आनंद झाला की त्याने दोन तंगड्या आणि रणजीतच्या ताटात चाललेली तिसरीही सासऱ्यांना वाढली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते धुरामुळे, असं त्याने न विचारताच सगळ्यांना सांगितलं.

"पिंपरीला आल्यापासनं पोपटी लावली नव्हती," हिराजीराव म्हणाले. "कंपनी, शिफ्ट, ओव्हरटाइम. मडकंबी हिकडचं तडकायचं. ह्ये नाय तडकायचं. मलाबी असलंच एक करून द्या. आनि त्या भोसरीवाल्याला सांगा, भोकं पाडू नको."

"सांगायची गरज नाही," तोंडातला घास सांभाळत भोसरीवाला म्हणाला.

सोमवारी कंपनीच्या कँटीनमध्ये असेंब्लीतला सुजित धनेशच्या शेजारी येऊन बसला. "भावा, सासऱ्यांना काय खायला घातलंस म्हणे? मलाही स्मोकर घ्यायचाय. पहिल्यांदाच घेतोय. नवीन माणसाने नेमकं काय बघावं?"

धनेशने पाण्याचा ग्लास उचलला, खालून बघितला आणि समाधानाने एक घोट घेतला.

"बाकी कशाच्या नादी लागू नकोस," तो म्हणाला. "एकच बघ. धूर येता कामा नये."