ठकूमावशींचा पट

रस्त्यात कुठलंही लहान पोर दिसलं की ठकूमावशी त्याला थांबवत आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला म्हणजे पोर शाळेच्या वयाचं झालं, हा आपल्याकडचा जुना हिशेब. जन्मदाखले आले, आधारकार्ड आलं, पण मावशींचा भरवसा कानावरच. बोटं कानाला टेकली रे टेकली की त्या ओरडत, "गावला कान! आता सुटका न्हाई!" आणि आईकडे वळून, "कवा धाडतीस शाळंत?"

लोणावळ्याच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठंही. एकदा तर मयताला गेल्या आणि तिथंही एका पोराचा कान तपासून आल्या. मी म्हटलं, "अहो मावशी, काळवेळ काही बघाल की नाही?" तर म्हणतात, "गेला त्यो गेला, बाई. हितं आपला पट चाललाय, त्याचं काय?"

पट म्हणजे हजेरीपत्रकावरची पोरं. औंढ्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी सात वर्षं शिकवलं आणि मावशींनी त्याच्या दुप्पट वर्षं खिचडी शिजवली. मी तुंगार्लीहून स्कूटीवर पोचायच्या आत त्यांची वाडीतून एक फेरी झालेली असायची. कुणाला गोधडीतून उचल, कुणाला शेळीमागून आण, कुणाचं नाक पूस. मी हजेरी घ्यायला लागले की पोरांच्या आधी चुलीपाशी बसलेल्या मावशीच म्हणणार, "हाय! त्यो बी हाय!" एकदा मी वैतागले. म्हटलं, "इथं बाई कोण आहे? मी की तुम्ही?"

"तुमी शिकवा की. तुमाला कुनी आडवलंय?"

मी पुढचं नाव घेतलं.

त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. घरी एकट्याच होत्या. मूलबाळ किती, कुठं, हे मी सात वर्षांत कधी विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

पट गळत होता. ऐपतवाल्यांची पोरं पिवळ्या बसमधून लोणावळ्यात जायला लागली, काही घरं जमिनी विकून उठून गेली. शेवटी उरली नऊ पोरं. शाळा बंद होणार अशी कुणकुण लागली. बंद झाली तर डोंगर उतरून, ओढा ओलांडून थेट खालच्या गावात जायचं. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांचं कसंही भागलं असतं. पण सोनीचं काय?

सोनी दुसरीत होती. कातकरी घरची, बोलायला कमी, वाचायला मात्र पटाईत. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जायचे आणि तिलाही न्यायचे. एका वर्षी मावशी टेम्पोच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या. "पोरगी उतरवा, मग जावा." उतरवली. तेव्हापासून सोनी आजीपाशी राहायची. आजीला नीट दिसायचं नाही, त्यामुळं दोन वेळचं बघायचं ते मावशीच बघायच्या.

आणि मग शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायचे ठरले. मावशींची अशी पक्की समजूत, की साहेब लोक पोरं मोजत नाहीत, ताटल्या मोजतात. तांदूळ ताटल्यांवर येतो, म्हणजे पटही ताटल्यांवरच असणार! त्यांनी वीस ताटल्या चिंचेनं घासून लखलखीत मांडल्या. आणि ताटल्यांपुढं पोरं दिसावीत म्हणून, मी फळा पुसत होते तेवढ्यात, खालच्या बंगल्यावर सुट्टीला आलेली दोन पोरं "खिचडी देते" म्हणून हाताला धरून आणली आणि पंगतीत बसवली. एकाच्या पायात दिवे लागणारे बूट!

साहेबांनी त्यालाच विचारावं? "बाळ, नाव काय तुझं?"

"विवान."

"कितवीत आहेस?"

"ग्रेड टू."

"ह्याच वाडीतला का?"

"नो. अंधेरी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मावशी डगमगल्या नाहीत. "कान गावतोय की त्याचा, सायेब! आजच्या दिस धरा त्याला पटावर."

साहेब वाईट नव्हते हो. पोट धरून हसले, खिचडी दोनदा मागून घेतली. जाताना मात्र मान खाली घालून म्हणाले, "मावशी, ताटल्या मांडून पट वाढत नाही." मावशींनी सगळ्यांच्या ताटल्या घासल्या, न वापरलेल्यासुद्धा.

सुट्टी लागायच्या आत कागद आला. शाळा बंद. पोरं खालच्या शाळेत, मीही खालच्या शाळेत. तिथं खिचडीला दुसरी बाई होती, तेव्हा मावशी कुठंच नाहीत. पोरांना न्यायला एक जीप लावली होती. ती आषाढात जी बंद पडली ती पडलीच. बाकीची आठ पोरं मोटारसायकलवर मागं बसून यायला लागली. सोनीच्या नावापुढं मी रोज गैरहजर लिहीत होते. वाटायचं, उद्या वर जाऊन बघून येऊ. गेले नाही. खोटं कशाला बोलू?

आठवड्यानं सोनी दारात उभी. गुडघ्यापर्यंत चिखल, पण दप्तर कोरडं. मागं ठकूमावशी, डोक्यावर इरलं. मला म्हणाल्या, "घ्या हजेरी."

मला वाटलं, सोडून जातील. त्या गेल्याच नाहीत. फाटकाबाहेर लिंबाखाली बसल्या त्या संध्याकाळच्या घंटेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला, "आगं बाय, हळद लय झाली!" आतली खिचडीवाली बाई जी भडकली!

महिना झाला. मला ते बघवेना. पन्नाशी कधीच उलटलेली बाई रोज डोंगर उतरते, दिवसभर ओल्या दगडावर बसते. एका दुपारी मी बाहेर जाऊन म्हटलं, "मावशी, मी स्कूटीवरून आणत-नेत जाईन सोनीला. तुम्ही घरी राहा. कशाला जिवाचे हाल करून घेता?"

त्यांनी इरलं दगडाला टेकवून ठेवलं. मग म्हणाल्या, "माजी सुमी चौथी पास झालती, बाई. हुशार हुती. पाचवीला ह्याच शाळंत घातली. तवा म्या दुसऱ्याच्या भातलावनीला जायची. आठ दिस येकली आली-गेली. नवव्या दिशी वढ्यापासनं माघारी आली, भ्यालती. म्हनली, आये, तू चल की संगं."

"मग?"

"म्या म्हनलं, मला न्हाई येळ. र्‍हा घरी."

मी त्यांच्याशेजारी दगडावर बसले.

"राह्यली घरी. पंधराव्या वर्साला लगीन करून दिली. हाय, बरी हाय. दिवाळीला येती." त्यांनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. "लेकीला पाचवीचं गनित सांगायला येत न्हाई म्हनून रडत हुती गेल्या टायमाला. मला काय बोलली न्हाई. बोलली आसती तर बरं झालं आसतं."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सात वर्षं मी ह्या बाईवर हसत होते.

"तुमची गाडी चांगली हाय, बाई," मावशी म्हणाल्या. "पर र्‍हाऊ द्या. मला आता येळ हाय."

घंटा झाली. सोनी धावत आली. मावशींनी तिचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं, तिचा हात धरला आणि दोघी ओढ्याच्या वाटेला लागल्या.