लीलाकाकूंचं क्लॅरनेट

आमच्या शेजारच्या लीलाकाकू कानावर पडणाऱ्या प्रत्येक आवाजाला भाजीचं नाव देतात. एसटीचा हॉर्न म्हणजे मुळा. सरपंचांचं भाषण म्हणजे शेवग्याची शेंग. चघळत बसा, आत फारसं काही निघत नाही. धाड गावात माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीची मागची भिंत तीच काकूंच्या घराची भिंत. मी सकाळी गिरणी सुरू केली की पलीकडून आवाज येतो, "झालं बाप्पा, कारलं सुरू झालं."

काकूंचा सगळा जन्म भाजीत गेला. मळ्यात लावायची, तोडायची आणि आठवडी बाजारात बसून विकायची. त्यांचा गळा असा, की बाजाराच्या या टोकाला त्यांनी "मेथी" म्हटलं तर त्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघतं. त्यांचे यजमान देविदासकाका अगदी उलटे. मितभाषी माणूस. मळ्यात राबायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. लाल कोट घातला की एरवी वाकून चालणारे काका ताठ व्हायचे. पंचक्रोशीतली लग्नं त्यांच्या क्लॅरनेटवर लागली, असं म्हटलं तरी चालेल.

मग काकांना लकवा मारला. उजवा हात गेला, ओठ एका बाजूनं लोंबला आणि बोलणं बंद पडलं. हळूहळू ते काठीनं चालायला लागले, पण शब्द काही परत आले नाहीत. क्लॅरनेटची पेटी खाटेखाली पडून राहिली.

पुढच्या लग्नसराईच्या आधी बँडमास्तर घरी आले. मी तेव्हा तिथेच होतो. मास्तर संकोचत म्हणाले, "वहिनी, कलारनेट पडून पडून खराब होईन. आमाले द्या. वाजवणारा पाहतो कोणी."

"वाजवणारा काऊन पाहता?" काकू म्हणाल्या. "मी वाजवीन ना."

मास्तर हसले. मीही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी डाव्या हातातल्या काठीनं खाटेखालून पेटी बाहेर ओढली आणि काकूंच्या पायाशी सरकवली.

त्यानंतर आमच्या गल्लीनं जे सोसलं ते सांगण्यात अर्थ नाही. काकूंनी पहिल्यांदा फुंकलं तेव्हा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा फुंकलं तेव्हा पलीकडच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून उभी राहिली. काही दिवसांनी सूर निघायला लागला, पण असा चिरका, की माझ्याकडे दळण घेऊन आलेल्या बाया म्हणायच्या, "भाऊ, गिरणी चालूच ठेवा."

काकूंचं स्वतःचं मत त्याहून कडक होतं. "गवारीची शेंग निघाली," त्या म्हणायच्या. "बारीक, टणक. मले लाल भोपया पायजे. दोन हातानं उचलावा लागते, असा."

तो भोपळा मिळवायचा कसा, ते सांगणारा जवळच बसलेला होता, पण त्याला बोलता येत नव्हतं. काकूंनी गाल फुगवले की काका काठीचं टोक त्यांच्या गालाला लावायचे. पट्टीवर, म्हणजे ज्या पातळ पत्तीतून सूर निघतो तिच्यावर, काकूंचे दात घट्ट बसले की काका त्यांच्या हनुवटीखाली अंगठा धरून खाली ओढायचे. श्वास छातीतून घेतला की स्वतःच्या पोटावर थापट्या मारून दाखवायचे. आणि सूर वाईट लागला की सरळ भिंतीकडे तोंड फिरवायचे.

"तोंड नका वाकडं करू," काकू ओरडायच्या. "आधीच वाकडं हाये."

यावर काकांचे खांदे हलायचे. ते हसणं होतं, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

गाणंबिणं काहीच नाही. कितीतरी महिने काकू रोज एकच सूर लांबवत बसत. हळू सुरू करायचा, फुगवायचा आणि परत बारीक करत सोडायचा. मी एकदा कंटाळून म्हटलं, "काकू, एखादं गाणं तरी वाजवा."

"गाण्याची काय घाई हाये? आधी दाणा भरू दे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फुंकायला लागल्या.

मग एका सकाळी मी गिरणीचा पट्टा चढवत होतो आणि भिंतीपलीकडून आवाज आला. जाड, गोल, ऊबदार. मी पट्टा हातात धरून तसाच उभा राहिलो. दळणाच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पार्वताबाई म्हणाल्या, "देविदास बरा झाला काय रे?"

मग मास्तरांनी येऊन काकूंकडून दोन-तीन गाणी बसवून घेतली आणि त्या वर्षी अमडापूरच्या एका लग्नात त्यांना उभं केलं. नऊवारीवर काकांचा लाल कोट, बाह्या दुमडलेल्या, डोक्यावर पदर खोचलेला. मी गिरणी बंद ठेवून गेलो होतो. वरातीत कुजबुज सुरू झाली. नवरदेवाचा एक काका म्हणाला, "बाईमाणूस वाजवते काय?"

"वाजवते," मी म्हणालो. "आमच्या शेजारच्या हायेत."

सुरुवातीला ढोल-ताशात काही ऐकूच आलं नाही. मग वरात मारुतीच्या पारापाशी थांबली आणि मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. काकूंनी एकट्यानं सूर धरला. जेवणाच्या मांडवातून लोक ओल्या हातानं बाहेर आले. मघाचा तो नवरदेवाचा काका टोपी काढून उभा राहिला. मी तर भेटेल त्याला सांगत सुटलो, की यांची आणि आमची भिंत एकच आहे. जणू त्या सुरात माझ्या विटांचाही काही वाटा होता.

परतताना जीपमध्ये मास्तर म्हणाले, "वहिनी, आता प्रत्येक लग्नाले तुमीच." काकू पेटी मांडीवर घेऊन पुढच्या रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना घरी जायची घाई होती.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी त्यांचा पिठाचा डबा द्यायला गेलो. दार उघडंच होतं. काकू अगदी हलक्या आवाजात खालचा सूर वाजवत होत्या आणि त्यात आणखी एक आवाज मिसळलेला होता. काका डोळे मिटून घशातून नुसतं "हं" करत होते. दोन्ही आवाज इतके सारखे, की कुठला कुणाचा ते मला दारातून ओळखू येईना.

मला बघून काकूंनी क्लॅरनेट मांडीवर ठेवलं.

"हे वाजवत होते तवा मी कदी आयकलंच नाही," त्या म्हणाल्या. एवढं हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. "दिवसभर बाजारात ओरडून यायची. घरी ह्यायनं पेटी काढली की मी म्हणायची, बंद करा ते, डोकं दुखते. हे बंद करायचे बिचारे. आता शब्द गेले. इचारलं तर उत्तर नाही, हाक मारली तर नुसतं पायतेत. पण सूर चांगला लागला ना भाऊ, की हे बोलतेत. चिरका लागला तर नाही बोलत. मंग काय करता? चांगलाच लावा लागते."

मी डबा कोपऱ्यात ठेवला.

"बसा, च्या ठेवते," म्हणून काकू आत गेल्या. मी काकांच्या खाटेच्या काठावर टेकलो. स्टोव्हचा आवाज सुरू झाला. काकांनी आतल्या दाराकडे बघत एकदा "हं" केलं, थोडं लांबवून. मला त्याचा अर्थ लागला नाही.

आतून काकू म्हणाल्या, "हाव, माहीत हाये. अद्रकबी टाकते."